कॅरियर नसलेली सायकल

पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीमागे बसणाऱ्या गृहस्थांना सारी वस्ती बरंसाहेब म्हणायची. त्यात नाव ठेवणाऱ्यांचा काही दोष नाही. समोरचा माणूस काहीही सांगो, नळ चार दिवस कोरडा आहे, मीटर उलटा फिरतो, शेजारणीच्या टाकीचं पाणी आमच्या भिंतीत मुरतं, साहेब मान वर न करता नोंदवहीत लिहीत राहायचे आणि म्हणायचे, "बरं. पुढे?" सव्वीस वर्षं, दिवसाचे आठ तास, हाच उद्योग. देवाने दोन कान दिले ते एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून देण्यासाठी, असं म्हणतात. साहेबांचा दुसरा कान बहुधा जन्मापासून बुजलेला असावा. ऐकलेलं सगळं आतच साठायचं.

घरी यावं तर घरी चौघी. आई, बायको आणि दोन मुली. चौघी एकाच वेळी बोलायच्या आणि नवल म्हणजे चौघींना एकमेकींचं सगळं कळायचं. कळायचं नाही ते फक्त साहेबांना. चप्पल काढायच्या आत आई म्हणायची, "अरे, तुला एक सांगायचं राहिलं," आणि साहेब सवयीने म्हणायचे, "बरं. पुढे?"

म्हणजे दिवसात स्वतःचा म्हणावा असा वेळ उरला कुठला? घर ते कार्यालय, पंचवीस मिनिटं जायची आणि पंचवीस यायची. तेवढी पन्नास मिनिटं तरी देवाने या माणसाच्या पदरात टाकायला हवी होती. पण देवाने शेजारी शिंपीकाका दिले होते.

शिंपीकाकांचं दुकान पाणीपुरवठा कार्यालयाच्या समोरच. गेली नऊ वर्षं ते साहेबांच्या स्कूटरवर मागे बसून जात आणि मागे बसूनच येत. नाही म्हणायची सोय नव्हती. मुलींचे शाळेचे गणवेश काकांनी शिवलेले, आईच्या उशांचे अभ्रे काकांच्या दुकानातले, आणि साहेबांच्या पँटी तर दर वर्षी कमरेत सैल करून मिळायच्या. मापही घ्यावं लागायचं नाही. रोज मागून कंबर धरायची म्हटल्यावर ती किती वाढली हे बायकोच्या आधी काकांना समजायचं.

पण काका बोलायचे. सीटवर टांग पडली की तोंड उघडायचं ते दुकानाच्या शटरपाशीच मिटायचं. नऊ वर्षांत साहेबांच्या डाव्या कानाने काकांच्या साडूची दोन ऑपरेशनं, भाच्याचं मोडलेलं आणि पुन्हा जुळलेलं लग्न, आणि कॉलरच्या अस्तराचे सतरा प्रकार पचवले होते. त्यातही एक खोड अशी की वळण आलं की काकांचा आवाज चढायचा, आणि उतार लागला की गोष्ट इतकी रंगायची की मध्ये श्वास घ्यायलाही सवड नसायची. लवकर सुटका व्हावी म्हणून साहेब वेग वाढवायचे. वेग वाढला की काका आणखी बोलायचे.

साहेबांनी उपाय कमी केले नाहीत. एकदा म्हणाले, "काका, उद्यापासून मला अर्धा तास लवकर निघायचंय." दुसऱ्या दिवशी फाटकाशी आले तर काका कापडाचं गाठोडं घेऊन आधीच उभे. "साहेब, तुमच्यामुळे मलाही शिस्त लागली बघा." एकदा म्हणाले, "मागचं चाक जरा कमजोर झालंय, दोघांचं ओझं पेलेल असं वाटत नाही." काका हवा भरायचा पंपच घेऊन आले.

अशात मोठ्या साहेबांचं परिपत्रक निघालं. जो कर्मचारी सलग तीन महिने पेट्रोल न जाळता कार्यालयात येईल त्याचा सभागृहात सत्कार होईल, आणि आवारातल्या एकुलत्या एका झाडाखालची गाडी लावायची जागा वर्षभर त्याची. परिपत्रकात पृथ्वी, फुप्फुसं आणि पुढच्या पिढ्या यांच्याविषयी दीड पान मजकूर होता. तो कुणी वाचला असं नाही, पण आठवड्याभरात बरेच जण सुधारले. हिशेब विभागातल्या बाई बसने येऊ लागल्या, कारण तिसऱ्या थांब्यावर एक चष्मेवाला मीटर रीडर चढायचा. रेकॉर्डकीपर चालत येऊ लागले, कारण डॉक्टरांनी त्यांच्या रक्ताचा कागद त्यांच्या बायकोच्या हातात दिला होता. खुद्द मोठे साहेबसुद्धा बसने आले. त्यांची गाडी मुलीने नेली होती, पण हे त्यांनी सांगितलं नाही. राहिला शिपाई. तो एकोणीस वर्षं सायकलनेच येत होता. त्याचं नाव यादीत घालावं हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही, कारण त्याच्याकडे दुसरं वाहनच नव्हतं, आणि ज्याच्याकडे सोडायला काही नाही त्याचं कौतुक कोण करतो?

बरंसाहेबांनी परिपत्रक दोनदा वाचलं. दीड पानात त्यांना एकच शब्द दिसला. सायकल. सायकलवर माणूस एकटा असतो.

त्याच संध्याकाळी ते कार्यालयाजवळच्या सायकलवाल्याकडे गेले आणि एक वापरलेली, हिरवी, दणकट सायकल पसंत केली.

"हिचं कॅरियर काढा," साहेब म्हणाले.

"का हो? चांगलं मजबूत आहे. माणूस बसेल मागे."

"म्हणूनच," साहेबांच्या तोंडून निसटलं. मग सावरून म्हणाले, "म्हणजे, वजन कमी होईल."

सायकलवाल्याने आधी कॅरियरकडे पाहिलं, मग साहेबांकडे, वरपासून खालपर्यंत. "कॅरियर किलोभराचं असेल, साहेब. वजन कमी करायचंच असतं तर मी दुसरीकडून सुरुवात केली असती."

पण गिऱ्हाइकाची मर्जी. त्याने कॅरियर सोडवलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि साहेबांच्या हातात कोंबलं. "तुमच्या मालकीचं आहे, घेऊन जा. माणसाचं मन काय, आज एक, उद्या एक."

साहेबांनी ते घरी आणून माळ्यावर जुन्या सूटकेसच्या मागे सारलं. उतरताना पाहतात तर खाली आई उभी.

"काय रे लपवलंस?"

"लपवतोय कशाला? ऑफिसचं आहे."

"ऑफिसचं माळ्यावर?" म्हणून आई स्वयंपाकघरात गेली. तिला विसरायची सवय होती, पण नेमकं काय विसरायचं ते तिचं तीच ठरवायची.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी काका गाठोडं घेऊन उभे होते. साहेबांनी सायकल बाहेर काढली. काकांनी आधी सायकलच्या पुढे पाहिलं, मग मागे पाहिलं, मग आणखी मागे, जणू स्कूटर तिच्या पाठोपाठ येत असावी.

"काका," साहेब खाकरले. रात्री पाठ केलेलं परिपत्रक त्यांनी सुरू केलं. "आपण जो धूर सोडतो ना, तो आपल्या नातवंडांच्या छातीत जातो. मी ठरवलंय. आता पेट्रोलला हात लावायचा नाही. तुमची गैरसोय होईल हे खरं, पण..."

पुढे बोलवेना, कारण काकांचे डोळे भरून आले होते. त्यांनी खांद्यावरच्या मापाच्या टेपच्या टोकाने डोळे टिपले. "मी नऊ वर्षं तुमच्या मागे बसून धूर केला हो, साहेब! एका शब्दाने बोलला नाहीत. देवमाणूस आहात तुम्ही." आणि गाठोडं उचलून ते बसथांब्याकडे चालू लागले.

साहेबांच्या पोटात मोहरीएवढं काहीतरी टोचलं. पण पायडल मारलं, गल्लीचं वळण गेलं आणि मोहरी कुठल्या कुठे पडली.

काय ती शांतता! साखळीचा बारीक कुरकुराट ऐकू येत होता. नऊ वर्षं ज्या रस्त्याने गेले त्या रस्त्यावर घड्याळाचं दुकान आहे, आणि आठ वाजता तिथली सगळी घड्याळं थोडी पुढेमागे करत ठोके देतात, हे साहेबांना आज समजलं. एका गॅलरीत कुणी बाई कपडे झटकताना गुणगुणत होती. शाळेची घंटा, कुलुपांचा खुळखुळाट, कुणाच्या तरी शिट्टीचा चुकलेला सूर, सगळं एकेकटं, वेगवेगळं, न मागता कानात येऊन न रेंगाळता निघून जाणारं. कुणालाही "बरं" म्हणावं लागत नव्हतं. साहेब कार्यालयात पोचले तेव्हा त्यांचा चेहरा मनापासून प्रार्थना करून उठलेल्या माणसासारखा दिसत होता.

त्याचा परिणाम खिडकीवर झाला. महिनाभरात एक दिवस साहेबांनी चक्क मान वर केली. समोर एक आजी होत्या. "आजी, पाणी किती दिवस नाही? बसा जरा. ग्लासभर पाणी देऊ का?"

आजी दोन पावलं मागे सरल्या. "का हो? बदली झाली का तुमची?"

इकडे शिंपीकाका गप्प बसतील तर ते शिंपीकाका कसले! दुकानात येईल त्याला साहेबांचा त्याग ऐकवायचे. ऐकवताना उरलेल्या चिंध्यांतून एक अरुंद पट्टी शिवायचे. पँटचा पाय साखळीत अडकू नये म्हणून घोट्यावर बांधायची, रंगीत, बटण लावलेली. सायकल चालवेल त्याला फुकट. झालं, गल्लीत आधी दोन सायकली निघाल्या, मग पाच, मग सात. निवृत्त मुख्याध्यापकांनी तर पट्टी आधी घेतली आणि मग घरच्यांना तोंड दाखवायची पंचाईत झाली म्हणून सायकल विकत घेतली. प्रत्येक जण बरंसाहेबांना हात करून म्हणायचा, "तुमच्यामुळे हो, साहेब!" प्रत्येक वेळी ती मोहरी टोचायची. आता ती वाटाण्याएवढी झाली होती.

एकदा एक बस कंडक्टर नळाची तक्रार घेऊन खिडकीशी आला. बोलता बोलता म्हणाला, "तुमचे शिंपीकाका आमच्याच बसने येतात."

"डोकं खात असतील," साहेब ओशाळून म्हणाले.

"कोण, काका? बसले की डोळे मिटतात. शेवटच्या थांब्यावर हलवून उठवावं लागतं. इतका गरीब पॅसेंजर मी पाहिला नाही."

साहेबांना हे काही केल्या पचेना. तो दुसराच कुणी शिंपी असेल म्हणून त्यांनी विषय सोडून दिला.

तीन महिने भरले. सत्कारासाठी नाव निघालं बरंसाहेबांचं, कारण मोठ्या साहेबांची गाडी मुलीने परत केली होती, मीटर रीडर रजेवर होता त्या आठवड्यात हिशेबाच्या बाई रिक्षाने आल्या होत्या आणि रेकॉर्डकीपरांच्या रक्तात सुधारणा झाली होती. सत्काराला उत्तर म्हणून 'मी सायकलकडे का वळलो' यावर दहा मिनिटं बोलायचं होतं. धाकट्या मुलीने भाषण लिहून दिलं. त्यात ऑक्सिजन चौदा वेळा आला होता. साहेब आरशासमोर ते म्हणून बघत होते तेव्हा बायको इस्त्रीचा शर्ट घेऊन आली.

"अहो, एक विचारू? तुम्ही खरंच हवेसाठीच सायकल घेतलीत ना?"

"म्हणजे काय! असं का विचारतेस?"

"काही नाही. देवाला तर सगळं माहीतच असतं, पण तिथे माइकही लावलेला असणार, एवढंच म्हटलं." शर्ट खुंटीला अडकवून ती निघून गेली. त्यानंतर साहेबांना ऑक्सिजनचा उच्चार जमेना.

सभागृह भरलं होतं. गल्लीतले सायकलवाले पट्ट्या बांधून आले होते. पहिल्या रांगेत, अगदी मधोमध, शिंपीकाका. आणि काकांच्या मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं.

साहेबांची नजर त्या पुडक्यावर गेली आणि तिथेच खिळली. लांबट. एका बाजूला रुंद. कोपऱ्यातला कागद फाटला होता आणि फाटलेल्या जागेतून एक वाकवलेला, चकाकणारा लोखंडी कान बाहेर डोकावत होता. तीन महिन्यांपूर्वीचंच वर्तमानपत्र. तेच.

चोराच्या मनात चांदणं. साहेबांच्या डोक्यात क्षणात सगळं जुळलं. आईने दिलं. काकांना कळलं. आता हे भर सभेत उठणार, पुडकं सोडणार आणि विचारणार, साहेब, हे काय? इतकी माणसं समोर, बायको तिसऱ्या रांगेत, दोन्ही मुली तिच्या शेजारी. आणि त्याहून वाईट म्हणजे ज्याने नऊ वर्षं आपल्या कमरेची काळजी घेतली तो माणूस आता उद्यापासून मान फिरवून जाणार.

माइकसमोर उभं राहिल्यावर साहेबांनी भाषणाचा कागद उघडला, त्यातल्या पहिल्या ऑक्सिजनकडे पाहिलं आणि कागद पुन्हा मिटला.

"मी हवेसाठी सायकल घेतली नाही," ते म्हणाले. "खोटं बोललो. दिवसभर मी लोकांचं ऐकतो. घरी घरच्यांचं ऐकतो. मला रस्त्यात पंचवीस मिनिटं कुणाचंच ऐकायचं नव्हतं. माझ्या मागे काका बसायचे आणि काका बोलायचे. नको म्हणायची हिंमत झाली नाही, म्हणून सायकल घेतली. आणि काका त्यावरही बसतील म्हणून तिचं कॅरियर काढून माळ्यावर टाकलं. काका, तुमच्या हातात आहे ते तेच. मला माफ करा."

सभागृहात टाचणी पडली असती तर ती कुठल्या खुर्चीखाली गेली तेही समजलं असतं. सगळ्या माना काकांकडे वळल्या. काकांनी मांडीवरच्या पुडक्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, पुन्हा पुडक्याकडे पाहिलं.

"हे?" काका म्हणाले. "अहो, हे मला तुमच्या आईंनी दिलं. मी सकाळी आलो होतो, म्हटलं मीही सायकल घेतलीय, पण गाठोडं कुठे बांधू? तर म्हणाल्या, आमच्या माळ्यावर एक पडलंय, ऑफिसचं आहे, घेऊन जा. इथून उठलो की समोर सायकलवाल्याकडे बसवून घेणार होतो."

म्हणजे काकांना काहीच माहीत नव्हतं! सांगितलं ते साहेबांनीच, माइकवरून, घसा साफ करून. मागे कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांना वाटलं, या क्षणी धरणी नाही तर निदान व्यासपीठ तरी दुभंगावं.

काका उठले. त्यांचा चेहरा पडला होता, त्यात खोटं काही नव्हतं. ते टेपशी चाळा करू लागले. मग म्हणाले, "साहेब, एवढंच होतं तर एकदा 'काका, गप्प बसा' म्हणायला काय झालं होतं?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं. पण मग मीही माझं सांगितलं असतं." "मला तुमच्या स्कूटरची भीती वाटायची हो. तुम्ही वळणावर जे काही करायचात ना, आणि त्या उतारावर! बोलत राहिलं की खाली बघावं लागत नाही, म्हणून बोलायचो. साडूचं दुसरं ऑपरेशन झालेलंच नाही. उतार संपत नव्हता, म्हणून करावं लागलं."

मग मात्र सभागृह असं हसलं की मोठ्या साहेबांचा पाण्याचा ग्लास सांडला. हसता हसता लोकांच्या तोंडची कुलपं निघाली. हिशेबाच्या बाई बोलल्या नाहीत, पण लाजल्या, आणि चष्मेवाल्या मीटर रीडरला जे तीन महिन्यांत कळलं नव्हतं ते एका मिनिटात कळलं. रेकॉर्डकीपर म्हणाले, "मी डॉक्टरला घाबरून." निवृत्त मुख्याध्यापक उभे राहून, शाळेत उभे राहायचे तसे ताठ, म्हणाले, "मी पट्टीसाठी."

"अरे, मग हवेसाठी कोण आलं?" मोठे साहेब कपाळाला हात लावून म्हणाले.

कुणीच हात वर केला नाही. शेवटी दाराशी उभ्या शिपायाने केला. "मी रोज भरतो, साहेब. मागचं चाक गळकं आहे."

सत्कार त्याचाच झाला. ते बरंसाहेबांनीच सुचवलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा व्यासपीठावर चढलेल्या शिपायाने झाडाखालच्या जागेविषयी एवढंच विचारलं, "सायकलला सावली काय करायची? तिथे माझं स्टूल ठेवलं तर चालेल का?" तेवढ्यात एका बाजूने मोठ्या साहेबांच्या कानावर आलं की हवा गेल्या तीन महिन्यांत खरोखरच थोडी बरी झाली आहे, निदान कार्यालयाच्या फाटकासमोर उभं राहिलं की खोकला येत नाही. माणसाच्या मनात काय होतं हे हवेने विचारलेलं दिसत नव्हतं. देवाचा कारभार असाच असतो. तो हेतू नंतर तपासतो, काम आधी करून घेतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बरंसाहेब दबकतच फाटकाबाहेर आले. काका उभे होते. हातात सायकल, तिच्यावर ते कॅरियर, कॅरियरवर गाठोडं करकचून बांधलेलं. साहेबांचा चेहरा उतरला.

"घाबरू नका," काका म्हणाले. "सायकलवर मी बोलत नाही. हँडल माझ्याच हातात असतं, भीती कसली? तुम्ही पुढे व्हा, मी आपला मागून येतो. नाहीतर दुसऱ्या रस्त्याने जातो म्हणा."

"असं कसं? चला बरोबर," साहेब म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

दोघं निघाले. काका शब्दाला जागले. गल्ली संपली, पहिलं वळण गेलं, घड्याळाच्या दुकानात आठाचे ठोके पुढेमागे पडून संपले, तरी काका अवाक्षर बोलले नाहीत. नुसता दोन साखळ्यांचा कुरकुराट. साहेबांनी एकदा मागे वळून पाहिलं. काका शांतपणे रस्त्याकडे बघत होते. साहेबांनी पुन्हा पुढे पाहिलं, आणि त्यांना जाणवलं की तीन महिन्यांच्या शांततेने आत जागा झाली होती आणि सव्वीस वर्षांचं साठलेलं तिथे हलायला लागलं होतं. कुणी कधी विचारलंच नव्हतं.

"काका," ते म्हणाले, "काल एक बाई आल्या होत्या खिडकीवर. म्हणे नळातून पाणी येत नाही, पण आवाज येतो. मी म्हटलं कसला आवाज?"

काकांनी सायकल शेजारी आणली.

"तर म्हणे, माझ्या सासूबाई बोलल्यासारखा. आता हे नोंदवहीत कुठल्या रकान्यात लिहू, सांगा. एकदा तर असं झालं..."

दुसरं वळण आलं तसा साहेबांचा आवाज चढला. उतार लागला. मीटर उलटा फिरवणारे गृहस्थ झाले, भिंतीत मुरणारी टाकी झाली, नोकरीच्या पहिल्याच दिवशी रडत आलेला एक पोस्टमन झाला. काका ब्रेकवर बोटं ठेवून सावकाश उतरत होते.

"बरं," ते म्हणाले. "पुढे?"